काट्यावर अंगठा

रात्री सव्वातीनला आग्र्याची गाडी खाली झाली
आणि झोप कुणालाच नव्हती.
हिंदुरावनं फाटल्या गोणीतून अकरा बटाटे काढले,
गाळ्याच्या फरशीवर खडूनं मैदान आखलं.
समोरची डी जरा मोठीच झाली.
"असू दे," म्हणाला, "आपल्याला तिकडंच जायचंय."

गाळा अकरा. हेच आमच्या क्लबाचं नाव.
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याचा क्लब,
जर्सी कांद्याच्या जाळीची, लाल.
गेल्या हंगामात तेरा सामने, नऊ गोल,
त्यातले दोन समोरच्यांनीच मारून दिलेले.
खेळाडूंची नोंदणी रविवारी बंद.
गल्ल्यात बावीस हजार. हिशेब माझ्याकडं,
कारण मी तोलार, आणि तोलाराकडंच असतो.

"दिवा कोळीवाड्याचा मढवी आणा," अधिकराव म्हणाला,
"डाव्या पायाचा. बॉल जळूसारखा चिकटतोय त्याला."
"पंधरा हजार मागतोय. वर नाष्टा, वर बूट."
"नाष्टा देऊ. बूट आईकडनं आणू दे."
"आणि विंगर घेऊन करायचं काय?
दगड कोण मारतंय ते बघू नका,
आंब्याखाली झोळी कोण धरतंय ते बघा!"
कृष्णातनं लसणाचा एक गड्डा मैदानात ठेवला.
"हा फॉल्स नाइन.
असतो तिथं नसतो, नसतो तिथं असतो."
"म्हंजे आपला मुकादम," अंधारातनं कुणीतरी.
हसता हसता शहाजीचा चहा
आमच्या गोलकीपरवर सांडला.

मग सगळ्यांची बोटं आली एकाच बटाट्यावर.
पुढं, एकटा, बारीक कोंब फुटलेला.
नाव कुणी घेतलं नाही.
"नऊ नंबरचं काय करायचं?"
गुडघा, एक म्हणाला.
गुडघा नाही, डोकं, दुसरा म्हणाला.
कळंबोलीच्या सामन्यात जाळं रिकामं होतं
आणि हा पाय उचलायच्या आधी विचार करत बसला.
"विचार करणारा स्ट्रायकर म्हंजे
हँडब्रेक ओढून टेम्पो ढकलणं."
कुणीतरी खाकरलं.
अधिकरावनं माझ्याकडं बघितलं
आणि लगेच लसणाकडं.

नऊ नंबर माझा संग्राम.

मी काट्यावर बसलो होतो. खरंच, काट्यावर,
रिकाम्या वेळी तेवढीच एक बसायची जागा.
लाल आकड्यांत माझं वजन दिसत होतं,
एकसष्ट किलो चारशे.
ते टेम्पोचं हसू मलाही आलं होतं. हसलोही असेन.
"तात्या," हिंदुराव म्हणाला, "बोला. पैसा तुमच्या हातात."

मी उतरलो. गुडघे माझेही वाजले.
लसणाचा गड्डा बाहेर काढला.
मढवीला डावीकडं जागा दिली,
"घ्या त्याला. पंधरा द्या. बूटही द्या."
मग कोंबाचा बटाटा उचलला
आणि वीतभर मागं ठेवला, दहा नंबरला.
"विचार करतोय ना? मग तिथं करू दे.
गोल दुसऱ्यानं मारावा, यानं वाट दाखवावी."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
कृष्णात डोकं तिरकं करून बघत राहिला.
"बसतंय," म्हणाला. "तात्या, बसतंय की हो!"

बसत असेल.
एकोणतीस वर्षं झाली तोलतोय,
शेतकऱ्याच्या बाजूनं नाही, व्यापाऱ्याच्या नाही,
काट्यावर कधी अंगठा ठेवला नाही.
त्या वीतभर जागेत फुटबॉल किती होता
आणि बाप किती,
मला वेगळं तोलता येईना.

पाच वाजता लिलावाची हाक आली.
पोरांनी बटाटे भराभर गोणीत टाकले,
मैदानावरनं हातगाडी गेली.
मी गोणी काट्यावर घेतली:
पन्नासला शंभर ग्रॅम कमी.
कुणीतरी बाहेरच राहिला होता.
वाकून बघायचं होतं,
पण मागं सातारची गाडी हॉर्न देत होती,
आणि मी पावतीवर लिहिलं
जे काट्यावर दिसत होतं, तेच.